लांगदोक आणि अकलूज : द्राक्षप्रदेशाच्या नावाचा प्रश्न

'होय' म्हणण्याच्या पद्धतीवरून एखाद्या प्रदेशाचे नाव पडावे, असे उदाहरण भाषांच्या इतिहासात विरळाच आढळते. मध्ययुगात फ्रान्सच्या दक्षिण भागातील लोक होकार देताना 'ओक' म्हणत; उत्तरेकडील लोक 'ओइल' म्हणत, आणि त्याचेच पुढे आजचे 'वी' झाले. दान्तेने लोकभाषेवरील आपल्या लॅटिन ग्रंथात या होकारार्थी शब्दांच्याच आधारे भाषांची विभागणी केली, ही गोष्ट भाषाभ्यासकांस परिचित आहे. 'ओकची भाषा' या अर्थाचा शब्दसमूह कालांतराने ती भाषा बोलणाऱ्या भूमीचे नाव होऊन बसला. तोच लांगदोक प्रांत. ती भाषा आज तेथील थोड्याच घरांत उरली आहे. नाव मात्र टिकले, आणि जगाच्या नजरेस ते आज सर्वांत अधिक पडते ते वाइनच्या बाटलीवर.

ऱ्होन नदीच्या मुखापासून पिरेनीज पर्वताच्या दिशेने भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरलेला हा प्रदेश एकजिनसी नाही. फोजेरच्या टेकड्यांवर पाटीच्या दगडासारखा थरथरांचा खडक आहे, तर मिनेर्व्हुआच्या उंच भागात चुनखडी. पिने गावाच्या परिसरात खाऱ्या पाण्याच्या सरोवराजवळ पिकपूल हे पांढरे द्राक्ष होते. पश्चिमेस लिमूच्या बाजूला अटलांटिककडून येणारा गार वारा पोहोचतो, आणि तेथे फेसाळ वाइनची जुनी परंपरा आहे. तांबड्या वाइनसाठी कारिन्यां, ग्रनाश, सिरा, मूर्व्हेद्र, सँसो असे अनेक वाण लावले जातात, आणि बहुधा त्यांतील दोन-तीन वाणांचे मिश्रण करून वाइन सिद्ध होते. या मिश्रणाच्या प्रथेचा नामकरणाशी जवळचा संबंध आहे. जी वाइन तीन वाणांची मिळून होते तिला एका वाणाचे नाव देता येत नाही; ती जेथे झाली त्या जागेचेच नाव तिला द्यावे लागते.

तथापि जागेला नाव असणे आणि त्या नावाला बाजारात किंमत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्यानंतर लांगदोकच्या सपाट जमिनी भरघोस पिकणाऱ्या वेलींनी भरून गेल्या, आणि उत्तरेच्या कारखानदार शहरांतील मजुरांना स्वस्त वाइन पुरविणे हाच या प्रदेशाचा धंदा झाला. पिंपांतून जाणाऱ्या त्या मालाला गावाचे नाव नव्हते. मुळांवर जगणाऱ्या फायलॉक्सेरा कीटकाने बागा उद्ध्वस्त केल्या, अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि थोड्याच वर्षांत अतिरिक्त उत्पादनाने व साखर-पाणी घालून केलेल्या बनावट मालाने भाव कोसळले. १९०७ साली बेझिए, नार्बोन, माँपेलिए या शहरांत लाखो द्राक्षकरी रस्त्यावर आले. नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला आणि माणसे मेली. द्राक्षकऱ्यांची मागणी साधी होती: द्राक्षापासून झालेल्या मालालाच वाइन म्हणावे. म्हणजे तो झगडा एका शब्दाच्या व्याख्येसाठी होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९३५ साली फ्रान्समध्ये स्थलनामाच्या संरक्षणाची आजची कायदेशीर व्यवस्था झाली. लांगदोकमधील गावांना ती मान्यता एकदम मिळाली नाही. फितूला १९४८ साली, फोजेर व सें-शिन्यां यांना १९८२ साली, कोर्बिएर व मिनेर्व्हुआ यांना १९८५ साली नावे मिळाली. आणि ज्याला केवळ 'लांगदोक' म्हणावे असे समग्र प्रदेशाचे स्थलनाम २००७ साली मान्य झाले. दरम्यान १९८७ पासून 'ओकच्या देशाची वाइन' अशा अर्थाच्या दुसऱ्या एका नावाखाली वाणाचे नाव ठळक छापण्याची मुभा मिळाली, व परदेशच्या बाजारपेठेत तिचा चांगला उपयोग झाला. एकाच प्रदेशात अशा रीतीने नावाच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत.

ज्या वर्षी लांगदोकला हे समग्र नाव मिळाले त्याच वर्षी, २००७ साली, सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात नीरा नदीकाठच्या अकलूज येथे एका वाइन-उद्योगाचा पाया घातला गेला. हा निव्वळ योगायोग होय. पण दोन्ही ठिकाणी प्रदेश व नाव यांचे जे नाते दिसते ते ताडून पाहण्यासारखे आहे.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, काळी भारी जमीन नदीखोऱ्यांत आणि मुरमाड, उथळ जमीन माळांवर, असे त्याचे स्थूल रूप आहे. उजनीच्या आणि नीरेच्या पाण्यावर येथे ऊस वाढला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या बाबतीत स्थलनामाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण गाळप झाल्यावर कोणत्या गावचा ऊस होता हे साखरेच्या दाण्यावरून सांगता येत नाही. द्राक्षाचे तसे नाही. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज, पंढरपूर तालुक्यातील कासेगाव ही गावे द्राक्षामुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाली आहेत. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस या वाणातून निवड करून 'सोनाका' हा लांब मण्यांचा वाण काढला. या नावात सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे वाचता येतात, हे लक्षात घेतले म्हणजे स्थळ, गाव व माणूस तीन अक्षरांत बांधणाऱ्या या नामकरणाचे कौतुक वाटते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात निघालेल्या वाणाचे नाव 'तास-ए-गणेश'. तासगाव आणि तेथील गणपती या दोन अस्सल मराठी गोष्टींना फारसी इजाफतीने जोडून शेतकऱ्याने नाव सिद्ध केले! मराठीच्या शब्दसिद्धीवर लिहिणाऱ्यांनी या उदाहरणाची दखल घ्यावयास हवी.

द्राक्षाच्या भोवतीचा मराठी शब्दसंग्रह मूळचा मिश्र आहे. 'द्राक्ष' संस्कृतातून आले. 'बेदाणा' फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ केवळ 'बीज नसलेला' एवढाच. 'मनुका' आणि 'किसमिस' यांचीही वाट अरबी-फारसीकडूनच आली. परंतु बागेतील कामाचे शब्द मात्र बागाईतदारांनी आपल्याच भाषेतून घडविले आहेत, आणि त्यांतून या प्रदेशाचे हवामान जितके कळते तितके कोणत्याही नकाशावरून कळणार नाही. थंड देशांत हिवाळ्यात वेल निद्रिस्त होते, आणि वर्षातून एकदाच छाटणी होते. सोलापूरच्या हिवाळ्यात वेल झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलमधील छाटणीला 'खरड छाटणी' म्हणतात. वेल खरडून काढावयाची आणि तिच्यावर नवी काडी तयार करून घ्यावयाची. पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या सुमारास जी छाटणी होते ती 'गोडी छाटणी'. तिच्यातून फळ येते. पहिल्या नावात क्रिया आहे, दुसऱ्यात फलित आहे. वेल मनात आणील तर वर्षातून दोनदा फळेल. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा येतात अशी नोंद केली आहे. परंतु एप्रिलनंतरचे फळ पावसात सापडून कुजते, म्हणून आजचा बागाईतदार दोन छाटण्या करून पीक एकच घेतो.

आणखी एक शब्दप्रयोग पाहण्यासारखा आहे. कडक, आंबट, हिरवा मणी ज्या टप्प्यावर मऊ पडून गोड होऊ लागतो त्या टप्प्याला फ्रेंचमध्ये जे नाव आहे ते रंगबदलाच्या अर्थाशी निगडित आहे. तांबड्या-काळ्या द्राक्षांच्या देशात रंगच प्रथम डोळ्यांत भरणार. महाराष्ट्रातील बागाईतदार त्याच टप्प्याला 'मण्यात पाणी उतरणे' असे म्हणतो. येथील मुख्य वाण हिरवे. त्यांचा रंग फारसा बदलत नाही, मणी पारदर्शक व मऊ होतो. वनस्पतीची क्रिया एकच, पण प्रत्येक भाषेने आपल्या वाणाला जे दिसते तेच टिपले. कळीला मात्र दोन्हीकडचे माळी 'डोळा'च म्हणतात. 'ओलांडा', 'घड', 'मणी', 'पाकळी', 'बगलफूट', 'विरळणी', 'भुरी', 'केवडा', 'घड जिरणे' हे शब्द कोणा परिभाषा समितीने घडविलेले नाहीत, आणि तरीही ते पारिभाषिक शब्दांइतकेच नेमके आहेत.

हे सर्व ज्ञान खाण्याच्या द्राक्षाचे. वाइनचे द्राक्ष त्याहून सर्वस्वी वेगळे असते: मणी लहान, साल जाड, आत बिया. खाण्याच्या द्राक्षाला जे दोष ठरतात तेच येथे गुण, कारण रंग, तुरटपणा आणि वास यांचा मोठा साठा सालीत व बियांत असतो. अकलूजच्या उद्योगात दिल्लीचे दोन बंधू, इटलीचे दोन बंधू आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील दोन बंधू एकत्र आले, म्हणून त्याचे नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'. तस्कनीचे पिएरो मासी हे वाइनतज्ज्ञ त्यांच्यासमवेत होते. या सात जणांच्या संख्येवरूनच तेथील एका प्रमुख वाइनला 'सेत्ते', म्हणजे 'सात', असे नाव मिळाले. रोपे परदेशांतून आणली गेली, आणि मोटेवाडी, गारवाड व निमगाव या तीन ठिकाणी बागा लागल्या. सांजोव्हेसे या मध्य इटलीच्या वाणाबरोबर काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, सिरा, शार्दोने, शनँ ब्लां असे फ्रेंच वाणही तेथे आहेत. त्यांतच मार्सलां हा वाण आहे. तो १९६१ साली लांगदोकमध्ये संकराने तयार झाला आणि तेथील मार्सेयां या गावावरून त्याचे नाव पडले. म्हणजे लांगदोकचे एक गाव माळशिरस तालुक्यात वाणाच्या रूपाने येऊन राहिले आहे.

जमिनीखालची गोष्ट याहूनही नवलाची. महाराष्ट्रात क्षारयुक्त पाणी व दुष्काळ यांना तोंड देण्यासाठी द्राक्षाची कलमे बहुतेक 'डॉगरिज' या खुंटावर बांधली जातात. हे नाव अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका स्थळाचे आहे. खाली टेक्सासचे गाव, वर युरोपचा वाण, आणि ज्या मातीत हे दोन्ही उभे आहेत त्या गारवाडचे नाव कोठेच नाही. बाटलीवर ठळक अक्षरांत उत्पादकाचे इटालियन नाव असते आणि वाणाचे परकी नाव असते. अकलूज येते ते उत्पादनाच्या पत्त्यात.

यावर असे म्हणता येईल की, स्थलनामाचे एवढे महत्त्व ते काय? वाण तोच असला तर वाइन तीच. परंतु हे खरे नाही. लांगदोकमध्ये द्राक्ष पिकते ते सप्टेंबरच्या सुमारास, उन्हाळा ओसरत असताना. अकलूजला ते जानेवारी ते मार्च या काळात, उन्हाळा चढत असताना पिकते. उष्णता वाढू लागली की मण्यातील आंबटपणा झपाट्याने उतरतो, आणि साखर भरण्यापूर्वी तो हातचा जाऊ नये म्हणून तोडणीचा दिवस अत्यंत काळजीने निवडावा लागतो. नाशिक अकलूजहून अधिक उंचीवर व अधिक उत्तरेस आहे. तेथील रात्री अधिक थंड. सांगलीकडील पलूसची जमीन वेगळी, नारायणगावची वेगळी. महाराष्ट्राचा द्राक्षपट्टा लांगदोकइतकाच विविध आहे. 'वाण नाही पण गुण लागला' ही म्हण मराठीने फार पूर्वी करून ठेवली आहे. 'वाण' (जो 'वर्ण' या शब्दातून आला) आणि शेजाराने लागणारा 'गुण' यांतला भेद तिच्यात स्पष्ट आहे. फ्रेंचांच्या ज्या एका शब्दाचे भाषांतर होत नाही म्हणून जगभर कुतूहल असते, त्याला 'माती-पाण्याचा गुण' याहून जवळचा प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही.

स्थळावरून वस्तू ओळखण्याच्या मराठीत दोन रीती आहेत, आणि त्या समानार्थी नाहीत. 'सोलापुरी चादर', 'कोल्हापुरी चप्पल', 'पैठणी' यांत 'ई' हा प्रत्यय स्थळाचे रूपांतर प्रकारात करतो. येवल्यात विणलेले वस्त्रही पैठणीच असते. याउलट 'मंगळवेढ्याची ज्वारी' असे म्हटले की षष्ठीचा प्रत्यय उगमाची हमी मागतो. ती ज्वारी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातूनच आली पाहिजे. सोलापूरच्या बाजारात ज्वारी घेणारे गिऱ्हाईक 'मालदांडी' या वाणाच्या नावाने विचारील, पण भावाचा प्रश्न निघाला म्हणजे 'मंगळवेढ्याची आहे का' हेच विचारील. फ्रान्सच्या कायद्याने जे साधले ते एवढेच की, वाइनची नावे पहिल्या वर्गातून काढून दुसऱ्या वर्गात पक्की केली. 'शांपेन' हा एक प्रकार नव्हे, ते एका प्रदेशाचे पेय होय, हा त्यांचा आग्रह म्हणजे प्रत्ययाचाच आग्रह आहे.

हा विचार भारतात नवा आहे असेही नाही. पाणिनीने 'कापिशी' या नगरनामापासून 'कापिशायन' हे रूप सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे, आणि परंपरेने त्याची उदाहरणे म्हणून मद्य व द्राक्षा दिली आहेत. ही कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील आजचे बेग्राम. कौटिलीय अर्थशास्त्रात तर द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून, उगमदेशावरूनच त्याची नावे पडतात असे सांगितले आहे आणि 'कापिशायन' व 'हारहूरक' अशी दोन नावे दिली आहेत. इतर मद्यांच्या वर्णनात तेथे घटक आणि प्रमाणे येतात; द्राक्षमद्याला मात्र देशाचे नाव पुरेसे ठरले. मातीचा गुण ज्या पेयात उतरतो त्याला मातीचेच नाव, हे तत्त्व याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक आर्थिक बाजू आहे, आणि ती हलक्या हाताने बाजूस सारण्याजोगी नाही. राज्य शासनाने २००१ साली या उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आखले. त्याच्या नावात 'वाइन' हा शब्द नाही. 'द्राक्ष प्रक्रिया उद्योग' असे सोवळे नाव त्यास दिले आहे. मराठीत 'दारू' हा शब्द सर्व मद्यांना एकाच टोपलीत टाकतो, आणि मराठी बायबलमधील 'द्राक्षारस' हा सुंदर शब्द त्या ग्रंथाबाहेर फारसा रुजला नाही. तेव्हा धोरणकर्त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा जो वाद पेटला, त्याच्या मुळाशीही वाइन ही दारू की नव्हे, हा शब्दार्थाचाच प्रश्न होता. २००१ नंतर नाशिककडील अनेक शेतकऱ्यांनी कारखान्यांशी करार करून वाइनच्या वेली लावल्या. २००८-०९ च्या मंदीनंतर खरेदी आटली, आणि कित्येकांनी त्या वेली उपटून टाकल्या किंवा त्यांवर खाण्याच्या वाणांची कलमे बांधली. खाण्याच्या द्राक्षाला गिऱ्हाईक न मिळाले तर त्याचा बेदाणा करता येतो. बारीक, बियांच्या द्राक्षाचे काय करावयाचे? ते विकत घेणारा एकच, आणि नावही त्या एकाचेच. १९०७ मध्ये नार्बोनच्या रस्त्यावर उतरलेल्या द्राक्षकऱ्याची आणि या शेतकऱ्याची अवस्था फार वेगळी नव्हती. नाव स्थळाचे असेल तर त्या शिवारातील प्रत्येक बागाईतदाराचा त्यात वाटा असतो. नाव व्यापारचिन्हाचे असेल तर शेतकरी केवळ पुरवठादार ठरतो.

नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते 'नाशिक व्हॅली' या नावाने. गोदावरीच्या खोऱ्याला मराठीत कोणी 'नाशिक व्हॅली' म्हणत नाही. कॅलिफोर्नियातील नापा व्हॅलीच्या साच्यावर हे नाव बेतलेले दिसते. मानांकन मिळाले ही समाधानाची गोष्ट आहे, तरी ज्या नावाने शेजारचे गाव आपल्याला ओळखत नाही ते नाव मुळे धरण्यास वेळ घेणार. सोलापूर जिल्ह्यात चादरीला मानांकन आहे, डाळिंबाला आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे. अकलूजच्या वाइनच्या मार्गातली अडचण निराळी आहे. १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी अर्ज करावयाचा तो उत्पादकांच्या संघाने, संस्थेने किंवा कायद्याने स्थापलेल्या प्राधिकरणाने. एकट्या कारखानदाराला स्थळाचे नाव मागता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण गावाचे नाव कोणा एकाचे नसते. अकलूजच्या परिसरात नावाजलेला वाइन-उद्योग आजमितीस एकच आहे. मोटेवाडीच्या आणि गारवाडच्या द्राक्षांत काय फरक पडतो हे तेथे काम करणाऱ्यांस ठाऊक असणार. पण तो बाटलीवर लिहिला जाण्यासाठी आधी त्याच शिवारात दुसऱ्या कोणी, स्वतःच्या वेलीची, स्वतःच्या नावाने वाइन करावी लागेल.